नकाशा गुन्ह्यांचा की नोंदवहीचा?

महाराष्ट्राच्या पोलीस दलाला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देण्यासाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये 'मार्वल' ही कंपनी नागपूर येथे स्थापन केली. तिच्या सहभागाने तयार झालेली 'महाक्राइम ओएस' ही संगणकप्रणाली प्रथम नागपुरातील २३ ठाण्यांत चालवून पाहण्यात आली. डिसेंबर २०२५ मध्ये ती मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने राज्यातील ११०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. मुंबईत रस्तोरस्ती सीसीटीव्ही कॅमेरे आहेतच. ठाण्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडणारे देशव्यापी जाळेही २००९ पासून उभे राहत आले आहे. गुन्हा कोठे व केव्हा होतो हे नकाशावर पाहायचे, आकड्यांतून त्याची रीत ओळखायची आणि तपासाला दिशा द्यायची, असा हा एकूण विचार आहे.

या घोषणेचे स्वागत दोन प्रकारे होते. एक वर्ग यंत्राचा जयजयकार करतो, दुसरा यंत्र दिसताच त्यात हुकूमशाहीची पावले पाहतो. समाजवाद्यांना दोन्ही भूमिका परवडणाऱ्या नाहीत. यंत्र कोणाच्या हाती आहे, ते काय मोजते आणि काय मोजत नाही, हा खरा प्रश्न आहे.

नकाशाची शक्ती किती मोठी असते याचा उत्तम दाखला वैद्यकशास्त्रात सापडतो. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडली. ठिपके ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती दाटले होते. स्नो यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. या कथेतील मर्म लक्षात ठेवण्याजोगे आहे. नकाशाने बोट दाखवले ते पाण्याकडे, पाणी पिणाऱ्यांकडे नव्हे. गुन्ह्याच्या नकाशाची कसोटी हीच असली पाहिजे. तो पंपाचा दांडा काढावयास सांगतो, की वस्तीलाच रोगी ठरवतो?

दादरच्या पुलावर

असा नकाशा उपयोगी पडणार नाही असे कोणी म्हणू नये. दादर स्थानकाचेच उदाहरण घ्यावे. पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वेंना जोडणाऱ्या पुलावर सायंकाळी एखाद्या घरकामगार बाईचा फोन खिशातून उचलला जातो. पुलावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीतला. जिना उतरून चोर फुलबाजाराच्या गर्दीत शिरला की हद्द शहर पोलिसांची. दोन आयुक्तालये, दोन नोंदवह्या. फिर्यादी बाई या दारातून त्या दारात फिरते आणि अखेरीस एका दिवसाची मजुरी बुडवून घरी जाते. दोन्ही नोंदवह्या एका नकाशावर आणल्या तर चोरी कोणत्या जिन्यापाशी, कोणत्या वेळी, गर्दीच्या कोणत्या कोंडीत होते हे आठवड्याभरात कळेल. तेथे एक हवालदार उभा करणे, दिवा लावणे किंवा जिना रुंद करणे हा त्यावरचा उपाय. जिना रुंद केल्याने कोणाचे स्वातंत्र्य धोक्यात येत नाही. आकडेशास्त्राचा हा उपयोग स्वागतार्हच आहे.

अडचण पुढे सुरू होते. नकाशावर जो ठिपका उमटतो तो गुन्ह्याचा नसतो, नोंदलेल्या गुन्ह्याचा असतो. लालबागच्या विसर्जन मिरवणुकीत फोन गेलेल्या माणसाने चोरीची फिर्याद द्यावी आणि त्याच्या हाती 'गहाळ' असल्याचा दाखला पडावा, हा अनुभव नवा नाही. चोरी दखलपात्र गुन्हा आहे. गहाळ होणे हा गुन्हाच नव्हे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबरी अहवाल नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. तरीही ठाण्याचे यशापयश जोवर गुन्ह्यांच्या कमीअधिक संख्येवर मोजले जाते, तोवर नोंद टाळण्याकडेच ओढ राहणार. प्रामाणिकपणे फिर्यादी घेणारे ठाणे नकाशावर लाल दिसेल आणि दारातून परत पाठवणारे ठाणे हिरवेगार. एकाच फिर्यादीत अनेक कलमे असतील तर त्यांपैकी सर्वांत गंभीर तेवढाच गुन्हा मोजण्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची पद्धत आहे. घरात शिरून मारहाण, विनयभंग आणि खून झाला तर आकड्यांत खून तेवढा राहतो. नोंदलेले गुन्हे वाढणे म्हणजे गुन्हे वाढणे नव्हे, असे तो विभाग स्वतःच बजावत असतो. ही सूचना घोषणांच्या गदारोळात कोणी वाचत नाही.

दुसरी अडचण भागाकाराची. गुन्ह्यांचे प्रमाण काढायचे तर लोकसंख्येने भागावे लागते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, गिरगाव-परळचा रहिवासी विरार-बदलापूरकडे सरकला. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. दादर-परळमध्ये दिवसा येऊन रात्री परतणारे लाखो लोक तर कोणत्याच जनगणनेत तेथले म्हणून मोजले जात नाहीत. रात्री झोपणाऱ्यांच्या संख्येने दिवसा घडणाऱ्या चोरीला भागले, तर येणारे उत्तर संगणकातून आले म्हणून शास्त्रीय ठरत नाही.

नकाशावरची कोरी जागा

यापेक्षाही गंभीर गोष्ट म्हणजे जे ठिपके कधी उमटतच नाहीत त्यांची. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या दुकानापुढे गुंतवणूकदारांची झुंबड उडाली. आठवड्याला व्याज देण्याच्या आमिषाने भाजीवाले, फेरीवाले, लहान नोकरदार यांनी तेथे आयुष्याची पुंजी ओतली होती. पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारी रोजी, रिझर्व्ह बँकेने न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. तिजोरीतील १२२ कोटी रुपयांच्या अपहाराची फिर्याद दादर पोलीस ठाण्यात नोंदली गेली. ही बँक १९६८ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून सुरू झाली होती, हे समाजवाद्यांनी शरमेने आठवावे. दादरच्या पुलावर चोरीला गेलेले सारे फोन एकत्र केले तरी या दोन प्रकरणांच्या जवळपास ती रक्कम जाणार नाही. पण नकाशात पूल लाल होतो. दुकान आणि तिजोरी पैसे बुडेपर्यंत कोरीच राहतात.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. पूल अपुरा असल्याची तक्रार प्रवासी वर्षानुवर्षे करीत होते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण दगावले. एके काळी जेथे कापड विणले जात होते तेथे गच्चीवर उपाहारगृहे चालली होती. गुन्हा नोंदला गेला तो माणसे मेल्यानंतर. तोवर अग्निसुरक्षेची पायमल्ली हा कोणत्याच नकाशावरचा ठिपका नव्हता. गरिबाने श्रीमंताविरुद्ध केलेला गुन्हा रस्त्यावर घडतो आणि दिसतो. श्रीमंताने गरिबाविरुद्ध केलेला गुन्हा कागदावर घडतो आणि दिसत नाही. रस्ते मोजणारी प्रणाली आपोआपच एका वर्गावर नजर ठेवते. त्यासाठी कोणी मुद्दाम कट करावा लागत नाही.

गिरणगावाचा इतिहास हेच सांगतो. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. दत्ता सामंत यांना पवईत गोळ्या घालण्यात आल्या. नकाशावर हे तीन ठिकाणचे तीन ठिपके आहेत, एकमेकांपासून दूर आणि काळानेही विखुरलेले. परंतु कामगारवस्तीवरील राजकीय पकड, संघटनांवरील ताबा आणि गिरण्यांच्या जमिनी हे संदर्भ वगळून त्या काळातील हिंसा समजणार नाही. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि बहुतेकांचा रोजगार कायमचा गेला. त्यानंतर चाळीतील बेकार पोरे टोळ्यांच्या हाती का लागली, याचे उत्तर अक्षांश-रेखांशात नाही. रक्त कोठे सांडले हे नकाशा सांगतो. हितसंबंध कोठे होते हे सांगत नाही.

यादीतला माणूस

ठिकाणांच्या नकाशावरून माणसांच्या यादीकडे जाण्यास वेळ लागत नाही. या देशाने तो मार्ग पूर्वी चाललेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरवली. १९११ मध्ये तो कायदा देशभर लागू होऊ शकेल असा करण्यात आला. सोलापूरची तारेच्या कुंपणातील वसाहत महाराष्ट्र विसरलेला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून त्याची सावली राहिली. चोरी कोठेही होवो, पहिली झडती पारध्याच्या पालाची, ही रीत अजून मोडलेली नाही. विमुक्त व मागास समाजांतील माणसांची नावे केवळ यांत्रिकपणे पोलिसांच्या इतिहासपत्रकात चढवू नयेत, असे मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

जुन्या नोंदींवर संगणकाला शिकवले तर तो जुना पूर्वग्रहच नव्या आत्मविश्वासाने सांगणार. अमेरिकेतील ओकलंड शहराच्या नोंदी घेऊन क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी २०१६ मध्ये हे दाखवून दिले. अमली पदार्थांचे सेवन कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय वस्त्यांत जवळजवळ सारखेच असता, भाकीत करणारी प्रणाली पोलिसांना कृष्णवर्णीयांच्या वस्तीत सुमारे दुप्पट वेळा पाठवीत होती. पोलीस जेथे जातात तेथे अटका होतात, अटका होतात तेथे ठिपके वाढतात, ठिपके वाढतात तेथे पुन्हा पोलीस जातात. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी २०२० मध्ये ही प्रणाली सोडली. सांता क्रूझ शहराने त्याच वर्षी तिच्यावर बंदीच घातली. तेथे टाकून दिलेला माल येथे नवलाई म्हणून विकत घेण्याचे कारण नाही.

भारतात २०२२ च्या कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बाहुल्या, स्वाक्षरी, हस्ताक्षर इत्यादी मापे घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि ती ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद केली. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसावी असेही त्यात आहे. ती पुसली गेली का, हे पाहण्याचा अधिकार पोलिसांबाहेरच्या कोणाकडे तरी हवा. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास यांसाठी सवलती आहेत. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले. हे सारे एकत्र ठेवून पाहावे. आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात गेलेल्यांच्या चळवळीला, अटकेआधी यादी तयार होते हे नव्याने शिकवावयास नको.

तपास म्हणजे पुरावा

आकड्यांचा ढीग म्हणजे तपास नव्हे. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे मेली. त्यांपैकी एक स्फोट दादरच्या पुढच्याच माटुंगा रोड स्थानकाजवळ झाला. १९ वर्षांनंतर, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींना निर्दोष सोडले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतरत्र घेण्यास स्थगिती दिली. मृतांच्या घरांना न्याय नाही आणि आरोपींची उमेदीची वर्षे गजाआड गेली. येथे संगणक कमी पडला नव्हता; न्यायालयात टिकणारा पुरावा कमी पडला होता.

पुरावा गोळा करणारा हवालदार हाही कामगारच आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये, गिरण्या बंद असतानाच, मुंबईचे पोलीस स्वतःच्या मागण्यांसाठी रस्त्यावर आले होते, हे विसरून चालणार नाही. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत गिरणी कामगार आणि पोलीस शेजारी राहिले. त्या शेजाराने दिलेली वस्तीची ओळख कोणताही कॅमेरा देऊ शकत नाही. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये देवनार ठाण्यात एका पोलीस शिपायाच्याच सूचनेवरून सुरू झाला. बारा-चौदा तास बंदोबस्तात उभ्या असलेल्या माणसापुढे संगणकाचा पडदा ठेवला म्हणून त्याचा तपास सुधारत नाही.

म्हणून चळवळीने नकाशाला विरोध न करता तो आपल्या मागणीचा विषय करावा. प्रत्येक ठाण्याने दरमहा नोंदलेल्या फिर्यादी, 'गहाळ' दाखले, अदखलपात्र नोंदी आणि दोषसिद्धीचे आकडे जाहीर करावेत. नकाशा ठिकाणांचा असावा, माणसांचा व जमातींचा नसावा. बनावट गुंतवणूक योजना, बुडणाऱ्या पतसंस्था, अग्निसुरक्षेचा भंग आणि थकलेली मजुरी यांचे ठिपके त्याच नकाशावर यावेत. खाजगी कंपन्यांशी झालेले करार विधिमंडळापुढे ठेवावेत आणि प्रणालीची तपासणी स्वतंत्र संख्याशास्त्रज्ञांकडून व्हावी. यादीत नाव असणाऱ्याला ते कळण्याचा व पुसून घेण्याचा हक्क असावा.

या मागण्या विधानसभेत मांडल्या जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. काळाचौकी, भोईवाडा, दादर, वि. प. मार्ग या प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत पक्षाचे कार्यकर्ते आहेत. फिर्याद न घेता परत पाठवलेल्या माणसांची एक वही प्रत्येक शाखेने तारीखवार ठेवावी. फिर्यादीसोबत ठाण्यात जावे आणि वर्षअखेर ती वही पोलिसांच्या आकड्यांशेजारी मांडावी. दोन नोंदींमधील अंतर कळले की त्या भागातील न्यायाची स्थितीही कळेल.