जीर्णोद्धाराला माझे पौंड नाहीत

गेल्या महिन्यात गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला: ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार काढला आहे, परदेशस्थ मंडळींनी सढळ हाताने मदत करावी. सोबत चित्र: संगमरवरी फरशी, स्टीलचे कठडे, काळ्या दगडावर ऑइलपेंट, पुढे आरसीसीचा सभामंडप. देणगीदारांच्या पाटीवर आमच्यासाठी जागाही राखलेली. मी नाही म्हणाले. त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचं हे उत्तर.

आम्ही ब्रॅकनेलला राहतो. १९४९ साली ‘न्यू टाउन’ म्हणून जाहीर झालेलं हे गाव. जुनं काही बघायचं तर वोकिंगहॅमच्या पलीकडे, सहा-सात मैलांवरच्या फिंचॅम्पस्टेडला जावं. तिथे टेकाडावर सेंट जेम्सचं छोटं चर्च आहे. बाराव्या शतकातलं, नॉर्मन, म्हणजे युरोपात ज्याला रोमनेस्क म्हणतात त्या शैलीतलं. जाड भिंती, लहान खिडक्या, पूर्वेचं टोक अर्धगोल. ती पाठ बघून मला आपल्या तेरच्या त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार पाठ आठवते. १७२०च्या सुमारास मनोरा बांधला तो सरळ विटांचा. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हे लहान पोरालाही दिसतं.

“इंग्रजांना जपता येतं, आपल्याला नाही” हे रडगाणं मी गाणार नाही, कारण ते खोटं आहे. ब्रॅकनेलमध्येच ईस्टहॅम्पस्टेडचं जुनं चर्च १८६६-६७ मध्ये पाडून नवं बांधलं गेलं. व्हिक्टोरियन काळात ‘रिस्टोरेशन’च्या नावाखाली देशभर अशीच तोडफोड आणि खरवडाखरवड चालली होती. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्था काढली. पुढे त्याने जुन्या चर्चेसच्या अशा नूतनीकरणासाठी आपल्या कंपनीच्या रंगीत काचा देणंही बंद केलं. स्वतःचा धंदा सोडला! म्हणजे शहाणपण यांच्या रक्तात नव्हतं. आधी नुकसान झालं, मग कोणीतरी भांडलं, आणि मग नियम आले.

ते नियम साधे आहेत. १९५५च्या कायद्यापासून दर पाच वर्षांनी जाणकार वास्तुतज्ज्ञ प्रत्येक चर्चची तपासणी करतो. साधी बाकं हलवायची तरी धर्मप्रांताची परवानगी लागते. जुन्या भिंतीला सिमेंट नाही, चुनाच. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि मग दगड झिजतो. पैसा मुख्यतः गावकरीच जमवतात, केकविक्रीपासून मृत्युपत्रांपर्यंत.

“देऊळ म्हणजे म्युझियम नव्हे, तिथे देव नांदतो,” असं मला सांगण्यात आलं. मान्य. फिंचॅम्पस्टेडलाही प्रार्थना होतात, लग्नं लागतात. छत गळत असेल, पायरीवरून म्हाताऱ्या घसरत असतील, तर ते जरूर दुरुस्त करा. पण गळतीचं औषध ऑइलपेंट नव्हे. आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख १०६० सालचा, म्हणजे नॉर्मन इंग्लंडात उतरले त्याच्या सहा वर्षं आधीचा. तेव्हा वारसा आपल्याकडे कमी नाही. कमी आहे ती ‘थांबा’ म्हणणारी माणसं. आणि इथे थांबवायची ताकद आपल्या हातात आहे, कारण पौंड आपले आहेत. देवळाची पडझड गरिबीने कमी आणि आपल्या देणग्यांनी जास्त होते, हे कडू वाटलं तरी बोलायला हवं.

म्हणून ग्रुपवर मी उलट प्रस्ताव ठेवला आहे. संवर्धन जाणणाऱ्या वास्तुतज्ज्ञाची पाहणी, तिचा लेखी अहवाल, शिखरातून उगवलेले पिंपळ काढणं, पाण्याचा निचरा: एवढ्याचा खर्च मी देते. पाटीवर नाव नको. संगमरवराला मात्र एक पेनीही नाही.

दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून नाही. तुमच्या गावाहूनही असा निरोप येईल. पैसे पाठवण्याआधी एकच विचारा: दगडाला काय लावणार आहात?