वासुकीच्या वाट्याला काय?

हैदराबादचा गौलीगुडा मराठी माणसाला परका नाही. 1956 च्या राज्य-पुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबादशी जोडलेला होता. शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा कोर्टकचेरीसाठी तिकडून निघालेला माणूस याच परिसरात येऊन टेकत असे. गौलीगुड्याचा तो पत्र्याचा भव्य बसतळ 2018 च्या जुलैत कोसळला; पण लगतच्या जामबागेतील विवेकवर्धिनी उभी आहे, आणि कोठीची गुजराती गल्ली इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांनी आजही गजबजलेली असते. संगणक जोडून घेऊ पाहणारा तरुण कोणत्याही शहराच्या अशा बाजारात शिरला, की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "इंटेल की एएमडी?" प्रश्न तीन शब्दांचा, परंतु त्यामागे अर्ध्या शतकाचा व्यापारी संग्राम उभा आहे. त्या संग्रामात आमचे स्थान कोणते, याचा विचार मात्र आम्ही क्वचितच करतो.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. 1968 साली स्थापन झालेल्या इंटेलने 1971 मध्ये एका जपानी गणनयंत्र कंपनीच्या मागणीतून नखाएवढ्या चकतीवर सुमारे 2300 ट्रान्झिस्टर बसविले आणि सूक्ष्म प्रोसेसरचे युग सुरू झाले. एएमडी तिची एका वर्षाने धाकटी भावकी. हे दोघे प्रतिस्पर्धी झाले ते मात्र एका चतुर गिऱ्हाइकामुळे. 1981 साली आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा प्रोसेसर निवडला. पण हा माल पुरविणारे दुसरे घरही हवे, असा तिचा आग्रह होता. त्यातून 1982 चा इंटेल-एएमडी करार झाला. पुढे 386 या प्रोसेसरची रचना देण्यास इंटेलने नकार दिला, तंटे कोर्टात गेले, आणि 1991 मध्ये एएमडीने स्वतःचा 386 बाजारात आणला. दुसऱ्याच्या सावलीत वाढलेले रोप अशा रीतीने स्वतःच्या मुळांवर उभे राहिले.

स्पर्धेचे मोल काय, हे पुढच्या इतिहासाने दाखविले. 2003 साली जुन्या आज्ञावली मोडीत न काढता 64 बिटांकडे जाण्याची वाट एएमडीने दाखविली. वेगळाच मार्ग आखून बसलेल्या इंटेलला 2004 मध्ये त्याच वाटेने यावे लागले. उलट एएमडी दुबळी झाली, तेव्हा काय घडले? 2007 पासून जवळजवळ दहा वर्षे सामान्य गिऱ्हाइकाच्या मेजावरील इंटेलचा उत्तम प्रोसेसर चार गाभ्यांवरच थबकला. 2017 साली एएमडीचा आठ गाभ्यांचा रायझन आला, आणि त्याच वर्षी इंटेललाही सहा गाभे सुचले! विद्या तीच, कारखाना तोच. अभाव होता तो केवळ पाठीवरच्या चाबकाचा. बलाढ्याला स्पर्धा आवडत नाही, हेही खरे. मक्तेदारीच्या तक्रारींचा तंटा मिटविताना 2009 साली इंटेलने एएमडीला 125 कोटी डॉलर मोजले. आणि याच इंटेलमध्ये 2025 च्या ऑगस्टात खुद्द अमेरिकन सरकारला सुमारे दहा टक्के भाग घ्यावा लागला. सरकारने उद्योगात पडू नये, हा उपदेश जगाला करणाऱ्यांवर ही पाळी यावी, हा काळाचा विनोदच म्हणायचा.

आता आमच्याकडे वळू. पुण्यात जन्मलेले विनोद धाम 1993 च्या पेंटियमचे शिल्पकार म्हणून ओळखले जातात. पुढे तेच नेक्सजेनमार्गे एएमडीत गेले आणि 1997 चा के-6 हा पेंटियमचा स्वस्त प्रतिस्पर्धी उभा राहण्यात त्यांचा वाटा होता. दोन्ही छावण्यांना शस्त्र देणारा हात भारतीय! हैदराबादचे चित्रही तेच आहे. एएमडीचे अभियंते तेथे प्रोसेसरच्या रचनेवर काम करतात. इंटेलनेही 2019 साली तेथे आपले केंद्र उघडले. समुद्रमंथनात देव आणि दानव दोघांनी वासुकीची दोरी केली. अंग घासले वासुकीचे. अमृताच्या पंक्तीत त्याचे पान मात्र कोणी मांडले नाही. आमचे अभियंते आज त्या वासुकीच्या जागी आहेत.

यावर "सरकारनेच एक कारखाना काढावा" असे सोपे उत्तर कोणी देईल. तो धडाही हैदराबादनेच गिरविला आहे. 1967 साली तेथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या टीडीसी मालिकेतील संगणक ही त्या काळात अभिमानाची वस्तू होती. पण सत्तरच्या दशकात सरकारने हे क्षेत्र जवळजवळ तिच्याच हाती ठेवले. ठरलेले गिऱ्हाईक, ठरलेला माल. 1978 नंतर खासगी कंपन्यांना लघुसंगणकाची मुभा मिळाली, त्यांनी परदेशी प्रोसेसर घालून स्वस्त यंत्रे आणली, आणि आमची संस्था या मैदानात मागे पडली. दोष बुद्धीचा नव्हता, मक्त्याचा होता. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभारला. तो पराक्रम निर्विवाद. परंतु त्याच्या पोटातील प्रोसेसर ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे होते. घर आमचे, विटा परक्याच्या.

आज परिस्थिती अनुकूल आहे. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या सर्वांना खुल्या असलेल्या आराखड्यावर घडले आहेत. प्रक्षेपणयानांसाठीचा 'विक्रम' मोहालीत तयार झाला आहे. अवाढव्य कारखाना नाही, ही सबबही पुरेशी नाही. एएमडीने स्वतःच 2009 साली आपले कारखाने वेगळे काढले, आणि आज तिचे मुख्य प्रोसेसर तैवानमध्ये घडतात. रचना ज्याची, बाजार त्याचा.

उणीव आहे ती 1981 च्या आयबीएमसारख्या गिऱ्हाइकाची. असे मोठे गिऱ्हाईक या देशात एकच, ते म्हणजे सरकार. विजेचे मीटर, बसमधील तिकीटयंत्रे, रेल्वेचे सिग्नल यांत देशी प्रोसेसर घेण्याचा सरकारने निश्चय करावा. मात्र एकाच लाडक्या संस्थेला मक्ता देऊ नये. किमान दोन स्वतंत्र रचनाकार असावेत, कसोटी उघड असावी, आणि नापास झालेल्याला दया दाखवू नये. संरक्षण माहेरासारखे असावे; मुलीने तेथे जन्मभर राहायचे नसते.

फर्मागुडीला अभियांत्रिकी शिकणारा आमचा गोमंतकीय मुलगा पदवी हाती पडताच बेंगळुरूची वा हैदराबादची वाट धरतो. त्याने जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. विद्या जेथे मिळते तेथे जावेच. पण परक्या दोन मल्लांच्या अंगाला तेल चोळण्यातच त्याची हयात जाणार, की कधी तरी त्याच्या हाती स्वतःचा लंगोट पडणार? दुकानदाराच्या त्या प्रश्नाला तिसरे नाव ज्या दिवशी जोडले जाईल, त्या दिवशीच वासुकीला आपला वाटा मिळाला असे म्हणता येईल.