मजुरीवाढ आणि आपल्यातील नवे मालक

किमान वेतनाचा विषय निघाला की आपण स्वतःस मजुरांच्या रांगेत धरतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु हिंगोली जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांतून आज कोणी गुत्तेदारी करतो, कोणी हळद शिजविण्याचे व पॉलिश करण्याचे यंत्र चालवितो, कोणाच्या दुकानात चार पोरे कामास आहेत. आजचे हे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जुना कायदा अनुसूचीतील धंद्यांपुरताच होता. नव्या संहितेचे किमान वेतन सर्वच कामांस लागू आहे. तेव्हा ‘आमचा धंदा त्या यादीत नाही’ ही सबब संपली.

राहिली ती दुसरी सबब, ‘परवडत नाही’ ही. किमान वेतन ठरविताना मालकाची ऐपत पाहावयाची नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले. पुढे १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी, त्याच न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी देऊन राबविणे म्हणजे घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मना केलेले सक्तीचे श्रम होत. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकीची वेठ केली आणि मोबदल्यात शिळी भाकर घेतली, त्यांच्या घरातील माणसाने ही सबब तोंडातून काढावी काय?

बरे, ही वाढ काही अवचित कोसळत नाही. महाराष्ट्रात महागाईच्या निर्देशांकानुसार विशेष भत्ता वर्षानुवर्षे १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना बदलत आला आहे. आपल्या जिल्ह्यात पहिली तारीख हळदीच्या काढणीच्या तोंडावर आणि दुसरी पेरणी-निंदणीच्या दिवसांत येते. दिवाळीत मुकादमाशी दर ठरवून उचल देणारा मालक फेब्रुवारीत जुन्याच दराने हिशेब करू पाहतो, आणि तेथेच तंटा उभा राहतो. समजा, रोजामागे वीस रुपये वाढले. दहा माणसे, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे पाच हजार दोनशे रुपये. ही रक्कम बोली करतानाच धरावी. गुत्त्याची निविदा भरणाराने कामाच्या मुदतीत येणारी वाढ आधीच हिशेबात घ्यावी. कमी बोलीने काम मिळवून तो खड्डा मजुराच्या पोटातून भरून काढणे हा व्यवहार नव्हे. आणि उक्त्या कामाच्या आडून रोज कमी पडतो की काय, हेही ताडून पाहावे.

वाढ द्यावयाची म्हणून दोन माणसे कमी करून उरलेल्यांकडून अंधार पडेतो काम घेणे, ही पळवाट पुष्कळांना सुचते. जादा कामाचा दर दुप्पट आहे, हे तेव्हा विसरले जाते. बाईला पुरुषाहून कमी मजुरी देण्याची चाल तर आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिचा कोणास संकोचही वाटत नाही. कायद्याने एकाच कामास एकच दर आहे, आणि हळदीच्या शेतात स्त्रियांचे कष्ट कमी असतात असे म्हणणाराने एक दिवस त्या वाफ्यात बसून पाहावे.

हजेरीपट ठेवा, मजुरीची चिठ्ठी मराठीत द्या, शक्य तेथे रक्कम बँकेतून द्या. ‘कमी मजुरी चालेल’ असे कोणाकडून लिहून घेतले असेल तर तो कागद कायद्यापुढे रद्दच आहे. थकलेल्या मजुरीचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि मजुरी पूर्ण दिली हे सिद्ध करण्याचा भार मजुरावर नसून मालकावर आहे.