विमा कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील हल्याळ रस्त्यावर फटफटीवरून पडले. आडवे आले ते एक रेडकू! मांडीचे हाड मोडले. धारवाडच्या इस्पितळात समाचारास गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीने पिशवीतून विम्याचा कागद काढून माझ्या हाती दिला. “सर, दर साल पैसे भरलेत हो. आता हे किती देतील?” कागद वाचून मी निरुत्तर झालो.

तो केवळ ‘तृतीय पक्षा’चा विमा होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा तो हाच. आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा झाली, तर त्याची भरपाई त्यातून होते. गाडी चालविणाऱ्या मालकास त्यातून पैही मिळत नाही. इतकेच नव्हे, मागे बसलेल्या माणसासही केवळ या विम्याचे संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली दिला आहे. मागच्या आसनावर बहुधा घरचीच बाई किंवा मूल असते. सक्तीच करावयाची, तर ती त्यांच्यासाठी का नसावी? मला तरी हा कायद्यातील उणेपणा वाटतो.

मालक-चालकासाठी वैयक्तिक अपघात विमा निराळा घ्यावा लागतो. 2018 साली त्याची रक्कम 15 लाख रुपये ठरविण्यात आली. परंतु ती मिळते मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास, आणि तीही चालकापाशी परवाना असेल तरच. (वडिलांची गाडी पळविणाऱ्या दहावीच्या वीरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) जे हाड मोडून पुढे सांधते, त्याच्या उपचाराचा खर्च हा विमाही देत नाही.

मग गरिबाने करावे काय? मे 2025 पासून केंद्र सरकारची एक योजना अमलात आहे. रस्त्यावरील मोटार-अपघातात जखमी झालेल्यास नेमलेल्या इस्पितळात, अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. मात्र अपघाताची खातरजमा पोलिसांकडून व्हावी लागते. नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही राज्यपालांचे अधिकार शिकवितो. हे मात्र शिकवीत नाही. शिकविणार कसे? त्या दिवशी ते मलाच ठाऊक नव्हते. कळले तोवर सात दिवस उलटले होते, आणि त्या माउलीच्या बांगड्या सावकाराकडे गेल्या होत्या.