पुराच्या अंदाजपत्रकात रॅम्प कुठे आहे?

आपत्तीनंतर येणारा देणगीचा पैसा कुठे आणि कसा खर्च व्हावा, हे ठरवण्याचं काम मी करते. माझ्याकडे संस्थांचे प्रस्ताव येतात. जवळपास प्रत्येकात ‘महिला, बालके, वृद्ध व दिव्यांगांना प्राधान्य’ हे वाक्य असतंच. मी सरळ अंदाजपत्रकाचं पान उघडते. ताडपत्री, धान्याचे किट, क्लोरीनच्या गोळ्या, गाडीभाडं, मानधन, सगळ्यापुढे रक्कम असते. दिव्यांगांपुढे काहीच नसतं.

ज्याला तरतूद नाही ते काम होत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत निवारा केंद्र होतं. पोलिओमुळे पाय गेलेल्या एका मावशींना नावेतून तिथे आणलं. त्यांची तीनचाकी सायकल घरातच बुडाली. शाळेच्या संडासाला तीन पायऱ्या, दार अरुंद, आत धरायला काही नाही. दर वेळी कुणाला तरी उचलून न्यायला सांगायचं, म्हणून मावशींनी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. व्हरांड्यात पाण्याच्या बाटल्यांची खोकी छताला टेकली होती.

‘आधी सगळ्यांना वाचवू, मग दिव्यांगांचं बघू,’ हे मी फार ऐकलं आहे. त्या ‘सगळ्यां’त मावशी नाहीत का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ आपत्तीत समान संरक्षण देतं आणि जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर टाकतं. ती यादी तलाठी आणि आशाताईंच्या हातात पावसाआधी पडली, तरच नाव कुठल्या गल्लीत आधी न्यायची ते कळेल.

खर्च परवडत नाही, हेही मला पटत नाही. या क्षेत्रातल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार इमारती आणि स्वच्छतागृहं सुगम करायला अंदाजपत्रकात अर्धा ते एक टक्का जादा धरला तरी पुरतो. मात्र तो सुरुवातीलाच धरावा लागतो. बांधून झालेला संडास फोडून दार रुंद करायचं, तर दुप्पट कटकट होते आणि बहुधा ते राहूनच जातं.

शिवाय आपल्याकडे पैशाची सोय आहेच. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळ्यांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. कित्येक गावांत हा निधी मार्चअखेरीस घाईघाईने वाटून मोकळं होतात. ज्याला रोख मदतीची गरज आहे त्याला ती मिळालीच पाहिजे. पण नदीकाठच्या गावांनी यातला काही भाग निवाऱ्यासाठी ठरलेल्या शाळेवर लावावा: रॅम्प, रुंद दार, कमोड, भिंतीला दांडा. गावातल्या दिव्यांगांना सोबत नेऊन जागा दाखवावी, माप त्यांच्या खुर्चीचं घ्यावं.

देणगीदारांनाही माझं सांगणं आहे. प्रस्तावात या कामांपुढे रक्कम लिहिलेली नसेल, तर सही करू नका. मी करत नाही.