प्रत्येकाची अडचण निराळी

मराठीच्या तासाला शुद्धलेखन घेतले की बऱ्याच वह्यांत लाल खुणा होतात. खुणा सारख्याच दिसतात. पण चुकांची कारणे सारखी नसतात. ज्याच्या घरी उर्दूच बोलतात, तो 'बाळ'चे 'बाल' करतो, कारण उर्दूत 'ळ' नाही. दुसरी मुलगी 'माझी पुस्तक' लिहिते. तिच्या मनात 'मेरी किताब' असते, आणि किताब स्त्रीलिंगी. उर्दूत नपुंसकलिंगच नाही, तर 'माझे पुस्तक' तिला कसे सुचावे? तिसरा 'दिवस' या शब्दाची वेलांटी गाळतो. उर्दू लिहिताना जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत; तीच सवय इथे येते. आणि घरी मालवणी बोलणारा आपल्याकडचा मुलगा? त्याला 'ळ' लहानपणापासून येतो. पण तो 'मला'ऐवजी 'माका' लिहून मोकळा होतो!

या चौघांना फळ्यावरून एकच नियम सांगितला, तर तो एकाच्या उपयोगी पडेल आणि तिघे उगाच बसून राहतील. म्हणून माझे मत असे, की शिक्षकाने प्रत्येकाची अडचण जवळून पाहिली पाहिजे. ही काही नवी गोष्ट नाही. तुमच्यापैकी अनेकजण मकतबात शिकले असतील. तिथे प्रत्येकाचा सबक वेगळा असतो. कोणी अलिफ-बेवर, कोणी पहिल्या पाऱ्यावर. उस्ताद एकेकाला समोर बसवून ऐकतात आणि सबक पक्का झाल्यावरच पुढचा देतात.

शाळेत हे अवघड जाते. तास 35 मिनिटांचा आणि मुले 35 असली, तर एकेकाच्या वाट्याला एक मिनिट येते. त्यातून हजेरीचा वेळ वजा करा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागे आणि सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण ठरवले. आपल्या सिंधुदुर्गात मात्र वाड्यावाड्यांतून अशाही शाळा आहेत, जिथे पट वीससुद्धा नाही. पण तिथे एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळत असला, तर त्याचे लक्ष पुन्हा वाटले जाते. 2023 साली राज्य शासनाने अशा लहान शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार मांडला. मोठ्या शाळेत मैदान आणि प्रयोगशाळा मिळेल, हे खरे. तरी मला वाटते, लहान मुलांना दूर नेण्यापेक्षा त्यांच्या वाडीतल्या शाळेला आणखी एक शिक्षक द्यावा. कोणत्या मुलाचे गाडे कुठे अडते, हे गुरुजींना ठाऊक असलेली शाळा मोडणे परवडणारे नाही.

मग मोठ्या वर्गात काय करायचे? मी रोज तासाच्या शेवटी पाच मुलांना वहीसह टेबलाजवळ बोलावतो. सोमवार ते शनिवार मिळून 30 मुले होतात. पाळी आली की काहीजण वही मिटून "समजलं, सर" म्हणतात आणि जागेवर जायला वळतात. तुम्ही तसे करू नका. जिथे अडले असेल, ते पान उघडूनच या.