फिल्टर घेण्याआधी घरचे पाणी पाहा

मृगाचा पाऊस पडला की नळाला गढूळ पाणी येऊ लागते आणि फिल्टर विकणारे दारोदार फिरू लागतात. परवा आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे असाच एकजण आला होता, मीही तिथेच बसले होते. त्याने दोन पेले मांडले. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ यंत्राचे. दोन्हींत विजेच्या कांड्या सोडल्या. दोन मिनिटांत नळाचे पाणी तपकिरी झाले, वर घाणीसारखा साका आला. "बघा ताई, रोज हे पिता तुम्ही!" वहिनींचा चेहरा उतरला. सूनबाईला सातवा महिना लागलेला, घालमेल होणारच.

मी उठले, मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ आणून त्याच्या स्वच्छ पेल्यात टाकले आणि म्हटले, "आता सोडा कांड्या." तेही पाणी तपकिरी! यात जादू काही नाही, बरं का. कांडीतले लोखंड झिजते आणि त्याचाच गंज पाण्यात दिसतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, नसले की वाहत नाही, एवढेच त्या प्रयोगातून कळते. जंतूंबद्दल काहीच कळत नाही.

क्षार काही विष नव्हेत. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी भारतीय मानकाप्रमाणे पिण्यास योग्य धरतात, आणि धरणाचे पाणी बहुधा त्याहून कमीच असते. अशा पाण्याला आरओ लावून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचे, हे माझ्या तरी मनाला पटत नाही. बोअरचे पाणी मचूळ असेल, डाळ शिजत नसेल, तर गोष्ट वेगळी. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांच्या विहिरींत फ्लोराइड जास्त आहे. ते उकळून जात नाही, साध्या फिल्टरनेही जात नाही. तिथे आधी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे आणि मगच खर्च करावा.

नळाचे पाणी असलेल्या घराला स्टीलचा, दोन कॅंडलचा साधा फिल्टर पुष्कळ झाला. वीज नको, दुरुस्तीवाला नको. कॅंडलच्या बारीक छिद्रांत गाळ अडतो, हगवणीचे बरेचसे जंतूही अडतात. पण काविळीचे विषाणू इतके सूक्ष्म की ते खुशाल पार होतात. हे मात्र दुकानदार सांगत नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले, तेव्हा पाणी तुरटी आणि क्लोरीन घालून शुद्ध केलेले असूनही हजारो लोकांना कावीळ झाली. आपल्या इचलकरंजीतही २०१२ साली मोठी साथ आली होती. ही 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांची बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. म्हणून पावसाळ्यात, आणि घरात गरोदर बाई असेल तर बारा महिने, पाणी उकळायलाच हवे. खळखळून उकळी आल्यावर एक-दोन मिनिटे पुरे, अर्धा तास गॅस जाळू नका. विजेवर चालणारे यूव्हीचे यंत्र विषाणूही मारते, पण पाणी नितळ हवे, वीज हवी आणि दिवा वेळेवर बदलायला हवा.

पुष्कळ घरी आधी उकळतात आणि मग फिल्टरमध्ये ओततात. उलट करा. कॅंडल मळलेली असली तर उकळलेले पाणी पुन्हा बिघडते, आणि गरम पाण्याने ती तडकण्याचीही भीती. आधी गाळा, मग उकळा, त्याच पातेल्यात झाकून गार होऊ द्या. घ्यायचे ते ओगराळ्याने. पेला आणि बोटे पाण्यात बुडवायची नाहीत.

कॅंडल आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासा. साबण लावू नका, तो छिद्रांत बसतो. खालचे भांडे आणि तोटी मात्र साबणाने धुवा; तोटीच्या आतला बुळबुळीतपणा कुणाला आठवतच नाही! कॅंडलचे नट घट्ट आहेत ना, वॉशर चिरला नाही ना, हेही पाहा. एरवी थेंबथेंब गळणारे पाणी एकदम भराभर उतरू लागले तर खूश होऊ नका. कुठेतरी चीर पडली आहे, पाणी न गाळताच खाली येते आहे. तशी कॅंडल लगेच बदला. घासून घासून बारीक झालेलीही बदला.

वहिनींनी शेवटी दोन कॅंडलचा फिल्टर आणला. आता रोज रात्री जेवणे आटोपली की त्यांच्या शेगडीवर पाण्याचे पातेले चढते. सूनबाई माहेरी निघाली आहे, तेव्हा विहीणबाईंनाही तसे पत्राने कळवले आहे.